तळटीप : सूर्यमाळ आणि टेनिस
* मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या चढउतारांवर वाढलेल्या मुलींतून उद्याची टेनिसपटू निघेल, ही मूळ मजकुराच्या लेखकाची आशा मोलाची आहे. पण नुसत्या काटकपणावर ती फळणार नाही. टेनिसपटू ऋतुजा भोसले यांचेच पाहा. त्यांचा जन्म श्रीरामपूरचा, म्हणजे महानगराबाहेरचा. कारकीर्द मात्र आकाराला आली ती पुण्यातल्या सरावातून आणि अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णांबरोबर पहिला सेट २-६ असा गमावूनही त्यांनी दुसरा ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकून मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले. असे सावरणे तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांशी वर्षानुवर्षे खेळूनच अंगी येते. यावर कोणी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांचा दाखला देईल. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य त्यांनी जिंकले, हे खरेच अभिमानाचे. पण धावण्याची सुरुवात गावच्या वाटेवर होते. टेनिसला कोर्ट, चेंडू, प्रशिक्षक आणि जोडीदार पहिल्याच दिवशी लागतात. पुढे क्रमवारीसाठी ५२ आठवड्यांचे गुण धरले जात असल्याने देशोदेशी सतत खेळावे लागते आणि तो खर्च बहुधा खेळाडूच्याच खिशातून जातो. म्हणून मूळ मजकुरातील आशेला मोखाडा तालुक्यात सार्वजनिक कोर्ट आणि पूर्णवेळ प्रशिक्षक यांच्या मागणीची जोड द्यायला हवी. — संपादक