द्राक्षबागाईतदारांची शाळा

१८६८ सालच्या जुलै महिन्याची १५ तारीख. दक्षिण फ्रान्समधील सें-रेमी या गावाजवळच्या एका द्राक्षमळ्यात तीन गृहस्थ मजुरांकरवी वाळलेल्या वेली उपटून पाहत होते. एरो जिल्ह्याच्या शेतकी मंडळाने त्यांना मुद्दाम पाठविले होते. गास्तों बाझीय हे मंडळाचे अध्यक्ष, स्वतः मोठे बागाईतदार. झ्यूल-एमील प्लांशों हे मोंपेलिए येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. आणि फेलिक्स साय्यू हे रोपवाटिकेचे मालक. गेली चार-पाच वर्षे त्या भागात एक विलक्षण रोग पसरत होता. भर उन्हाळ्यात एखाद्या वेलीची पाने पिवळी पडत, मग तांबूस होत, आणि पुढील एकदोन वर्षांत ती वेल सरपणाच्या लायकीची होई. मग तिच्या शेजारच्या वेली, त्यांच्याही पलीकडच्या. कापडावर तेलाचा डाग पसरावा तसा तो रोग मळाभर पसरे.

मेलेल्या वेलींच्या मुळांशी या तिघांना काहीच सापडले नाही. मुळे काळी पडलेली, कुजलेली. कीड नाही, बुरशी नाही. इतक्यात एका मजुराची कुदळ अद्याप टवटवीत असलेल्या वेलीच्या मुळाला लागली आणि ती वेल वर आली. प्लांशों यांनी भिंग लावून पाहिले, तो मुळांवर पिवळे ठिपके दिसले, आणि ते ठिपके सजीव होते. माव्याच्या जातीचे ते बारीक कीटक मुळांतील रस शोषीत होते. मूळ मरू लागले की ते शेजारच्या जिवंत मुळाकडे वळत. म्हणूनच मेलेल्या वेलीत त्यांचा मागमूस लागत नसे. रोगाचे कारण मेलेल्या वेलीत नसून निरोगी दिसणाऱ्या वेलीत शोधावयास हवे, ही गोष्ट त्या दिवसापर्यंत कोणाच्याच ध्यानी आली नव्हती. ते ठिपके प्रथम कोणाच्या नजरेस पडले, याविषयी पुढे या सोबत्यांत वाद झाला. मनुष्यस्वभावाला धरूनच ते झाले म्हणावयाचे. प्लांशों यांनी या कीटकाला फिलॉक्सेरा असे नाव दिले आणि त्यापुढे ‘विध्वंसक’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण जोडले.

शोध लागला, पण तो मान्य होईना. पॅरिसमधील नामांकित कीटकशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, वेल आधीच अशक्त झाल्यामुळे कीटक तिच्यावर बसतात. कीटक हा रोगाचा परिणाम होय, कारण नव्हे. राजधानीतील पंडितांनी मळ्यात न उतरता दिलेला हा निर्णय कित्येक वर्षे पुरला, आणि त्या वर्षांत लक्षावधी वेली गेल्या. याउलट एका जिल्ह्याच्या शेतकी मंडळाने, ज्याचे सभासद स्वतःच्या मळ्याची काळजी वाहणारे होते, खरे उत्तर पहिल्याच पाहणीत हाती घेतले होते. या संपूर्ण कथेत पुनःपुन्हा हेच आढळते.

१८६९ साली बरगंडीतील बोन या गावी द्राक्षबागाईतदारांचे संमेलन भरले. बोर्दोचे लेओ लालिमां यांनी तेथे सांगितले की, आपल्या बागेतील काही अमेरिकन वेली भोवतालच्या वेली मरत असतानाही सुखरूप आहेत. हे ऐकून सभेला आनंद वाटण्याऐवजी संशयच अधिक वाटला. अमेरिकन द्राक्षाची चव फ्रेंच जिभेला असह्य. शिवाय हा कीटक अमेरिकेतूनच आला असावा असे दिसू लागले होते. ज्या देशाने विष दिले त्याच देशाकडे औषध मागावयाचे, ही कल्पना गळी उतरणे सोपे नव्हते. परंतु अमेरिकन मुळावर फ्रेंच वेलीचे कलम बांधले तर मूळ तगेल आणि फळ आपले राहील, हा विचार बाझीय आदी मंडळींनी याच सुमारास मांडला. पुढील वर्षी प्रशियाशी युद्ध जुंपले. बाझीय यांचा तरुण चित्रकार मुलगा फ्रेदेरिक त्या युद्धात पडला. पिता मात्र युद्धानंतर पुन्हा वेलींच्या कामाला लागला.

सरकारने उपाय शोधणाऱ्यास बक्षीस लावले. १८७४ साली त्याची रक्कम तीन लक्ष फ्रँक करण्यात आली. मग काय विचारता! देशाच्या कानाकोपऱ्यांतून पत्रांचा पाऊस पडला. कोणी वेलीच्या बुंध्याशी जिवंत बेडूक पुरावयास सांगे, कोणी गोमूत्रासारखे पदार्थ ओतावयास सांगे. मोंपेलिएजवळच्या एका मळ्यात यांतील तीनशेहून अधिक उपायांची रीतसर परीक्षा घेण्यात आली आणि बहुतेक सर्व निरुपयोगी ठरले. हे काम हास्यास्पद वाटले तरी ते नव्हते. शेजारच्या गावातील मांत्रिकाचा उपाय खरा की खोटा, हे शेतकऱ्याला स्वतःच्या खर्चाने पडताळावे लागले नाही, ही काही लहान गोष्ट नाही. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही.

मोंपेलिएची शेतकी शाळा याच काळातली. १८७२ साली ती एँ जिल्ह्यातून हलवून या रोगाच्या अगदी तोंडावर आणून बसविण्यात आली. प्लांशों १८७३ साली अमेरिकेस गेले. मिसूरी संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांच्या मदतीने त्यांनी तेथील रानवेलींची मुळे तपासली. १८७४ साली मोंपेलिए येथे मोठे संमेलन भरले, तेव्हा बागाईतदारांत उघड दोन तट पडलेले होते. एक तट रसायनवाद्यांचा: कार्बन डायसल्फाइड हे उग्र, पेट घेणारे द्रव पिचकारीने जमिनीत सोडून कीटक मारावा, असे त्यांचे म्हणणे. दुसरा तट अमेरिकावाद्यांचा. ज्यांच्याजवळ कालव्याचे पाणी होते ते हिवाळ्यात मळे पाण्याखाली बुडवीत आणि या भांडणापासून दूर राहत. रसायन खर्चिक होते. ते दरवर्षी द्यावे लागे. श्रीमंतांना ते परवडे, म्हणून नामांकित मळ्यांचे धनी त्याचे कैवारी. लहान शेतकऱ्याला कलमाचा मार्ग बरा, पण तोही एकदा सर्व मळा खणून नव्याने लावावयाचा आणि तीनचार वर्षे फळाची वाट पाहावयाची, म्हणजे पोटाला चिमटा घेऊनच.

आकडे बोलके आहेत. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर द्राक्षमद्य झाले होते; १८८९ साली ते दोन कोटी चौतीस लक्षांवर आले.

अमेरिकन मुळाचा पक्ष हळूहळू जिंकू लागला, आणि तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. उपाय पुस्तकात होता, पण हातात नव्हता. देशातील कोट्यवधी वेलींना कलमे बांधावयाची होती आणि ती बांधणारे हात थोडे होते. जुनी रीत अशी की, वेलीची फांदी जमिनीत दाबावी, तिला मुळे फुटली की नवी वेल तयार. बापाने मुलाला शिकवावे, मुलाने नातवाला. ती सारी विद्या एका पिढीत निरुपयोगी झाली. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर कोयता चालविलेल्या मनुष्याला आता बाकावर बसून नव्याने चाकू धरावयास शिकायचे होते. मोंपेलिएच्या शाळेत गुस्ताव फोएक्स यांच्या देखरेखीखाली अमेरिकन वेलींचा संग्रह लावण्यात आला आणि कलमांचे पाठ देण्यात येऊ लागले. बोजोले भागात व्हिक्तोर प्युलिया या वेलींच्या जाणकाराने याच कामी वर्षानुवर्षे वेचली.

ते कसब वर्णनाला सोपे आणि करावयास अवघड असे आहे. खुंटाची काडी आणि वरची डोळ्याची काडी सारख्या जाडीची निवडावयाची. दोहोंना सारख्याच तिरकस उतारावर एका घावात कापावयाचे. मग प्रत्येक कापावर एक लहानशी जिभली उचलून ती एकमेकींत अडकवावयाची, अशी की सालीला साल भिडावी. वर काथ्यासारख्या धाग्याने बांधून ती काडी दमट वाळूत ठेवावयाची. घाव दुसऱ्यांदा मारावा लागला की पृष्ठभाग उंचसखल होतो आणि सांधा जुळत नाही. अशा काड्या हिवाळ्याच्या रात्री दिव्याच्या उजेडात शेकड्यांनी बांधाव्या लागत. कित्येक जिल्ह्यांत कलम बांधणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्रे देण्याची प्रथा पडली. ज्याच्याजवळ ते असे, त्याला मजुरी अधिक मिळे.

१८७९ च्या जून महिन्यातील कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला शेतकीचा एक फिरता प्राध्यापक मिळाला. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांपुढे व्याख्याने द्यावयाची हे त्याचे काम. बरगंडीत मात्र या शिक्षणाला कडवा विरोध झाला, आणि तो केवळ अडाणीपणाचा नव्हता. तेथे कीटकाचा पत्ता लागला की सरकारी पथक येई आणि रसायनाचा असा मारा करी की कीटकाबरोबर वेलही मरे. ज्याची वेल अजून हिरवी आहे आणि जिला पुढच्या महिन्यात फळ येणार आहे, त्याच्या मळ्यात शिपायांसह पिचकाऱ्या घेऊन जावयाचे, याला शिक्षण म्हणता येत नाही. काही गावांनी पथकांना हाकलून लावले. अमेरिकन वेली आणण्यास त्या जिल्ह्यात १८८७ पर्यंत बंदीच होती. दरम्यान बोन येथे १८८४ साली द्राक्षशेतीची शाळा निघाली, आणि जे काम शिपायांना साधले नव्हते ते तिच्या प्रात्यक्षिक मळ्यांनी साधले. त्याच १८८७ साली नव्या लागवडीवरील जमीनमहसूल चार वर्षे माफ करण्यात आला.

कोन्याक भागात निराळीच अडचण निघाली. तेथील जमीन चुनखडीची; अमेरिकन मुळे तीत पिवळी पडून मरत. तेव्हा सरकारने मोंपेलिएच्या शाळेतील तरुण प्राध्यापक प्येर व्हियाला यांना १८८७ साली अमेरिकेस धाडले. टेक्सासमधील डेनिसन येथे थॉमस मन्सन नावाचा एक रोपवाटिकेचा मालक राहत असे. घोड्यावर बसून त्याने रानोमाळ हिंडून रानवेली गोळा केल्या होत्या. चुनखडीत वाढणाऱ्या वेली कोठे सापडतात, हे त्याने व्हियालांना दाखविले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारने त्याला शेतकीचे मानचिन्ह दिले. आज कोन्याक आणि डेनिसन ही दोन गावे एकमेकांची भगिनी-नगरे म्हणवितात.

हे चालले असताना अमेरिकन काड्यांबरोबर आणखी एक पाहुणा आला; महाराष्ट्रातील बागाईतदार ज्याला केवडा म्हणतात तो रोग. त्याच्या उपायाची कथा बागाईतदार आणि विद्वान यांच्या गाठीभेटीतून काय निष्पन्न होते याचा मासला आहे. १८८२ च्या शरदात बोर्दोचे प्राध्यापक अलेक्सी मियार्दे मेदोक भागातून जात असता त्यांना दिसले की सगळ्या मळ्याची पाने गळली आहेत, पण रस्त्यालगतच्या ओळी हिरव्यागार आहेत. त्यांनी मळ्याच्या व्यवस्थापकाला विचारले. उत्तर मिळाले: वाटसरू द्राक्षे चोरतात, म्हणून त्यांना भीती वाटावी यासाठी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडतो. चोरांसाठी केलेली युक्ती बुरशीवर चालली होती! मियार्दे यांनी युलिस गायों या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने प्रमाण ठरविले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. तेच बोर्डो मिश्रण. नाशिक-सांगलीच्या बागांत त्याचा निळा शिडकावा ज्याने पाहिला नाही असा माणूस विरळा.

परंतु मोरचूद विकत घ्यावा लागे, आणि व्यापारी त्यात भेसळ करीत. १८८४ च्या मार्चमधील कायद्याने व्यवसाय-संघ स्थापण्याची मुभा दिली होती. ती कारखान्यांतील कामगारांसाठी योजलेली, पण तिचा लाभ शेतकऱ्यांनी झपाट्याने घेतला. संघाने घाऊक मोरचूद, गंधक आणि खत मागवावे, ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि सभासदांस वाटावे. गावच्या संघात दहा शेतकरी मालाची वाट पाहत बसले की कलमांच्या, फवारणीच्या, भावाच्या गोष्टी निघत. शाळेत न गेलेले कितीतरी लोक तेथे शिकले.

कलमांनी मळे पुन्हा उभे राहिले आणि मग मद्य इतके झाले की त्याला गिऱ्हाईक उरेना. त्यातच साखरेच्या पाण्याचे बनावट मद्य बाजारात आले. १९०१ साली मारोसां या खेड्यातील लहान बागाईतदारांनी आपले मद्य एकत्र विकण्यासाठी संघ काढला आणि १९०५ साली सर्वांची मिळून एक मद्यशाळा बांधली. झां झोरेस हे समाजवादी पुढारी ती पाहावयास गेले होते. १९०७ साली दक्षिणेत उठाव झाला. ९ जूनला मोंपेलिएच्या रस्त्यांवर काही लक्ष लोक जमले. त्या उठावातून नार्बोन येथे द्राक्षबागाईतदारांचा महासंघ निघाला आणि भेसळीवर नजर ठेवण्याचे काम त्याने स्वतःच्या निरीक्षकांकडे दिले. कलमे बांधावयास जे एकत्र बसले होते, तेच आता दर मागावयास एकत्र उभे होते.

१९२४ साली आठ देशांनी पॅरिसमध्ये करार करून द्राक्ष व द्राक्षमद्यविषयक एक आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापिले. भारत त्या संस्थेच्या उत्तराधिकारी संघटनेचा सभासद २०११ साली झाला. महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांनी आपला संघ १९६० साली पुण्यात काढला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अवर्षण आणि खारे पाणी यांनी येथील बागा खचू लागल्या, तेव्हा स्वतःच्या मुळांवर वाढणारी वेल सोडून बागाईतदार रानटी खुंटाकडे वळले. येथे कारण फिलॉक्सेरा नव्हते. ज्या खुंटाचा सर्वाधिक प्रसार झाला त्याचे नाव डॉगरिज. टेक्सासच्या रानातून ती वेल निवडून काढणारा मन्सन होता. आणि ती ज्या जातीची, त्या जातीला शास्त्रीय नाव सें-रेमीच्या मळ्यात भिंग घेऊन वाकलेल्या प्लांशों यांनी दिलेले आहे. खुंट आधी शेतात लावतात आणि पावसाळा सरत आला की त्यावर कलम बांधतात. त्या दिवसांत चाकू, काड्या आणि बांधावयाची पट्टी घेऊन कलम करणारे कारागीर तेथे बागोबाग फिरत असतात.