फ्री सीट नेमकी कुणाला मिळाली?

“मेरिटवर प्रवेश द्या, म्हणजे झाला न्याय.” ॲडमिशनच्या दिवसांत हे वाक्य दरवर्षी कानावर येतं. हा प्रयोग आपल्या देशात एकदा करून झालाय. त्याचं काय झालं ते बघा.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर इथली पोरं देणगी भरून कर्नाटकात जायची. आता कॉलेज जवळ आलं, पण ज्याच्या खिशात फी होती त्याच्याच.

तिकडे कर्नाटकात खासगी मेडिकलला सरकारी सीटची फी वर्षाला २,००० रुपये, राज्यातल्या बाकीच्यांना २५,००० पर्यंत आणि परराज्यातल्यांना ६०,००० पर्यंत. त्यावरून झालेल्या मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली सुप्रीम कोर्टाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. संस्थाचालक पुन्हा कोर्टात गेले. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने मधला मार्ग काढला: निम्म्या सीट ‘फ्री’, म्हणजे सरकारी फीच्या; निम्म्या ‘पेमेंट’, म्हणजे जादा फीच्या. दोन्ही मेरिटनेच भरायच्या. यादीत वरचे फ्रीला, त्याखालचे पेमेंटला.

कागदावर झकास! पण यादीत वर कोण येणार? ज्याला चांगली शाळा, महागडा क्लास आणि घरात अभ्यासाला वेगळी खोली मिळाली तो. शेतकऱ्याचं पोर चार मार्कांनी मागे राहिलं की पेमेंट सीट. म्हणजे डॉक्टरच्या मुलाच्या स्वस्त फीचा भार त्याने उचलायचा, तोही कर्ज काढून.

ही माझी कल्पना नाही. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात ११ न्यायाधीशांच्या घटनापीठाने हाच विरोधाभास निकालात नोंदवला आणि ती योजना मोडीत काढली. पण उपाय काय? फी ठरवण्याचं स्वातंत्र्य संस्थांना. नफेखोरी तेवढी करायची नाही. ती रोखायला मग समित्या आल्या. गरिबाचा प्रश्न स्कॉलरशिपच्या फायलीत गेला.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला होता. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याच्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ राबवलं. पोरगं झोपेल कुठे, जेवेल काय, कमवेल कधी, हे त्यांनी आधी विचारलं.

२०२४ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. चांगलंच झालं. पण खोलीभाडं आणि मेसचं बिल त्या माफीत येत नाही. आणि यादीत नाव येण्याआधीची बारा वर्षं? त्यांची माफी कोण देणार?