देव आला, कीं देवाची मूर्ति?

चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरच्या वायव्येस, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची मोठी यात्रा भरते. गगनाला भिडूं पाहणाऱ्या सासनकाठ्या नाचूं लागतात, आणि 'चांगभलं'च्या गजरांत सारा डोंगर गुलालानें न्हाऊन निघतो. राणोजी शिंदे यांनीं १७३० सालीं बांधलेल्या देवळाकडे जाणारी वाट गुलाल, खोबरें व दवणा विकणाऱ्यांच्या दुकानांनीं फुललेली असते. देव आणि बाजार यांचा हा शेजार फार जुना आहे. प्राचीन रोममध्यें तर व्यापाराचा स्वतंत्र देवच होता. त्याचें नांव मर्क्युरी.

इसवी सनापूर्वी ४९५ मध्यें रोममधील रथशर्यतींच्या मैदानाजवळ, अ‍ॅव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर त्याचें मंदिर उभें राहिलें. देवळाच्या स्थापनेबरोबरच व्यापाऱ्यांचा संघ स्थापण्याचें व धान्याची व्यवस्था पाहण्याचें कामही नेमून दिलें गेलें, असें इतिहासकार लिव्ही सांगतो. दरवर्षीं १५ मे रोजीं व्यापारी कापेना वेशीजवळच्या झऱ्याचें पाणी आणीत आणि ओल्या लॉरेलच्या डहाळीनें तें आपल्या मालावर शिंपडीत. त्या वेळीं ते खोट्या शपथांबद्दल क्षमा मागत. झालेल्या खोटेपणाबद्दल, आणि पुढें होणाऱ्याही! ओव्हिड कवीनें हा प्रसंग मिस्किलपणें रंगविला आहे. शिल्पकारांनीं या देवाच्या हातीं पैशांची थैली व सर्पांनीं वेढलेला दंड दिला, पायांना पंख लावले, आणि जवळ कोंबडा, मेंढा किंवा कासव बसविलें.

रोमची सत्ता जेथें गेली तेथें हा देवही गेला. गॉल देशांत, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भूमींत, लोक मर्क्युरीलाच सर्वांत अधिक भजतात आणि त्याच्याच मूर्ति तेथें सर्वांत जास्त आहेत, असें ज्युलियस सीझरनें नमूद केलें आहे. वस्तुतः तेथल्या मूळच्या देवालाच तो रोमन नांव देत होता. पुढें सैनिक, सावकार व वसाहतवाले तेथें राहिले. रोस्मेर्ता या स्थानिक देवीच्या शेजारीं मर्क्युरीची मूर्ति बसूं लागली.

रोमचा व्यापार मात्र रोमच्या सत्तेहून दूर पोंचला. तांबड्या समुद्रांतून निघालेलीं गलबतें मोसमी वाऱ्यावर पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांना लागत. तेथून माल सह्याद्रीचे घाट चढून सातवाहनांच्या नगरांत येई. पंचगंगेच्या कांठीं कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडांत १९४४ च्या सुमारास कांशाच्या वस्तूंचा सांठा सांपडला. पुढें १९४५-४६ मध्यें डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. त्या सांठ्यांत हातांत मावेल एवढी पोसायडनची, म्हणजे रोमनांच्या नेपच्यूनची, सुबक मूर्ति होती. समुद्राचा हा देव समुद्रापासून इतक्या दूर आला, परंतु त्याची कोणी पूजा केल्याची खूण तेथें नाहीं. भांडीं, आरसा इत्यादि वस्तूंबरोबर देवही मालच होऊन आला होता!

एखाद्या गांवीं मूर्ति सांपडली म्हणजे तो धर्मही तेथें पोंचला, असें मानण्याचा मोह म्हणूनच आवरला पाहिजे. मूर्ति पेटींत घालून नेतां येते. देवाला मात्र त्याचे भक्तच बरोबर नेतात. गॉलमध्यें माणसें जाऊन राहिलीं, म्हणून तेथें मर्क्युरी रुजला. कोल्हापुरास केवळ माल आला, म्हणून पोसायडन शोभेची वस्तूच राहिला, आणि आतां तो टाउन हॉलमधील संग्रहालयाच्या संग्रहांत आहे.

मर्क्युरीचा एक धागा मात्र येथवर आला. वारांना ग्रहांचीं नांवें देण्याची पद्धति ग्रीक-रोमन जगांतून भारतांत आली, असें बहुतेक विद्वान् मानतात. रोमनांनीं मर्क्युरीला दिलेला वार तोच मराठी माणसाचा बुधवार. जोतिबाचा वार रविवार; त्या दिवशीं डोंगरावर आजही भक्तांची रीघ लागते.