पिस्तूल उघडण्याचा इतिहास

जानेवारी २०२१ मध्ये 'अस्मी' या भारतीय बनावटीच्या ९ मिलिमीटर मशिन पिस्तुलाची बातमी आली. पुण्यातील डीआरडीओची एआरडीई ही प्रयोगशाळा आणि महू येथील इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून ते चार महिन्यांत तयार केले होते. वरचा भाग विमानासाठी वापरतात तशा ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापाचे काही सुटे भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने घडवलेले आणि अपेक्षित उत्पादनखर्च पन्नास हजार रुपयांच्या आत. चर्चा अर्थातच या आकड्यांची झाली. मला मात्र प्रश्न पडला तो वेगळाच: हे उघडते कसे?

हा प्रश्न पडण्याचे कारण माझ्या व्यवसायात आहे. माझ्या प्रयोगशाळेत बंदुका नाहीत, निर्वात-कक्ष आहेत. पीएच.डी.च्या काळात मी ज्या कक्षावर काम केले, त्याचे एक झाकण चोवीस बोल्टांनी आवळलेले होते आणि त्यांतले तीन बोल्ट दुसऱ्या एका पाइपच्या मागे दडलेले होते. ते दरमहा उघडून साफ करावे असा नियम होता. आम्ही ते वर्षातून दोनदा उघडत असू. नोंदवहीत मात्र नोंदी बारा असत. जे यंत्र उघडायला त्रासाचे असते ते साफ होत नाही, हे मी तिथे शिकलो. पिस्तुलाच्या बाबतीत या सत्याची किंमत फार मोठी असते, आणि म्हणूनच गेल्या सव्वाशे वर्षांत अनेक कल्पक अभियंत्यांनी या एका गोष्टीवर डोके चालवलेले आहे.

आधी घाणीविषयी. काडतुसाच्या तळाशी जी टोपी असते तिच्यात विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळापर्यंत पोटॅशियम क्लोरेट वापरले जाई. टोपी फुटली की क्लोरेटमधला ऑक्सिजन निघून जातो आणि नळीत मागे राहतो तो पोटॅशियम क्लोराइड, आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली की हा क्षार हवेतले पाणी ओढून घेतो आणि त्यातच विरघळतो. पावसाळ्यातला कोकण किंवा हुगळीचा काठ आठवावा. पोलादावर खाऱ्या पाण्याचा थर बसला की एका रात्रीत गंज दिसू लागतो. गंमत अशी की नळीला तेल कितीही चोपडले तरी उपयोग नसे, कारण क्षार तेलात विरघळत नाही, तो तेलाच्या थराखाली आपले काम करीतच राहतो. ब्रिटिश सैनिक बंदुकीच्या नळीत आधी उकळते पाणी ओतत आणि मग तेल लावत, ते याचसाठी. दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि त्यानंतर क्लोरेट नसलेल्या टोप्या रुळल्या, पण काजळी, अर्धवट जळालेली दारू आणि गोळीच्या धातूचे कण उरतातच.

रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला केले की नळी आरपार मोकळी मिळते. बोल्टच्या रायफलमध्ये बोल्ट मागे ओढून काढला की झाले. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र नळी स्लाइडच्या पोटात बसलेली असते. ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा कमाल दाब वातावरणाच्या सुमारे २,३०० पट असतो. गोळी नळीबाहेर पडून हा दाब उतरेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांना घट्ट पकडून राहिल्या पाहिजेत, आणि त्यानंतर क्षणार्धात सुटल्या पाहिजेत. म्हणजे अभियंत्यापुढच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. गोळीबारात हे भाग कधीही वेगळे होता कामा नयेत, पण थकलेल्या सैनिकाने अंधारात, हत्याराविना, नुसत्या बोटांनी ते वेगळे करू शकले पाहिजे.

जॉन ब्राउनिंगच्या सुरुवातीच्या कोल्ट पिस्तुलांमध्ये हा पेच अर्धाच सुटला होता. १९०० च्या सुमाराच्या त्या रचनेत स्लाइड मागच्या बाजूने निघत असे आणि तिला अडवून धरणारी एक आडवी पाचर पुढच्या टोकाशी असे. पाचर काढली की पिस्तूल उघडले, इतके सोपे. पण पाचर तुटली, किंवा साफसफाईनंतर बसवायची राहून गेली, तर? स्लाइडला मागे थोपवणारे काहीच उरत नाही, आणि मागे असतो तो नेमबाजाचा चेहरा. १९११ च्या प्रसिद्ध पिस्तुलात ब्राउनिंगने दिशाच उलटवली: स्लाइड पुढूनच चढते आणि पुढूनच उतरते. जोडणीत माणसाने चूक केली तरी ती तोंडावर येत नाही. मार्च १९११ च्या चाचणीत या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि दर हजार गोळ्यांनंतर ते साफ करून तेल घातले गेले. ते एकदाही अडले नाही एवढेच लोक लक्षात ठेवतात. पण ते सहज उघडून साफ करता येत होते, हा त्या यशाचा कमी सांगितला जाणारा अर्धा भाग आहे.

तरी १९११ मध्ये एक खोड राहिली होती. स्लाइड परत पुढे ढकलणारी स्प्रिंग नळीच्या खाली असते आणि तिचे तोंड एका छोट्या टोपणाने बंद केलेले असते. पिस्तूल उघडताना हे टोपण अंगठ्याने दाबून नळीच्या तोंडावरचा बुश फिरवावा लागतो. अंगठा निसटला तर? समजा दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साधारण एक ज्यूल ऊर्जा आहे आणि उडणाऱ्या भागांचे वस्तुमान दहा ग्रॅम आहे. गतिज ऊर्जेच्या सूत्रात हे घातले की वेग निघतो सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर. डोळा जायला पुरेसा, आणि तंबूतल्या गवतात टोपण कायमचे हरवायला तर हमखास पुरेसा.

ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये वारला तेव्हा फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून सुरू केलेले त्याचे शेवटचे पिस्तूल अपुरे होते. ते पुरे केले एफएन कारखान्यातील द्यूदोने सेव्ह याने, आणि १९३५ मध्ये ते 'हाय-पॉवर' म्हणून बाजारात आले. तेरा गोळ्यांच्या मॅगझिनमुळे ते गाजले. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक सुंदर वाटते. १९११ मध्ये नळीला खाली खेचणारा एक झुलता दुवा होता. इथे तो गेला आणि त्याच्या जागी नळीच्याच खालच्या ठोकळ्यात कोरलेली तिरकी खाच आली. सुटा बुशही गेला. स्लाइड मागे ओढायची, सेफ्टीचा खटका खाचेत अडकवून तिला तिथे थांबवायचे, स्लाइड अडवणाऱ्या तुकड्याची खीळ बाहेर काढायची, आणि स्लाइड पुढे सरकवून मोकळी करायची. उडण्यासारखे काही उरलेच नाही. याच घराण्यातले पिस्तूल हुगळीकाठच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए' या नावाने बनले आणि भारतीय सैन्यात रुळले. ज्या हवेत क्षार पाणी ओढतो त्याच हवेत ते बनत होते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

इतरत्रही प्रयत्न चालूच होते. रशियात तोकारेव्हने घोडा आणि त्याची सारी यंत्रणा एकाच ठोकळ्यात बसवली. तो ठोकळा अख्खा उचलून बाहेर काढता येई. जर्मनीच्या वाल्थर पी-३८ मध्ये बाजूची एक कळ फिरवली की काम होई.

उलट उदाहरण अमेरिकेतले आहे आणि ते भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल. १९४९ मध्ये आलेले रूगरचे .२२ चे पिस्तूल अचूक, स्वस्त आणि अफाट लोकप्रिय होते, पण पुन्हा जोडताना घोड्यामागची एक छोटी दांडी नेमक्या जागी टेकावी लागे, आणि तिला तिथे नेण्याचे काम गुरुत्वाकर्षणाकडे सोपवलेले होते. म्हणून एका टप्प्यावर पिस्तूल वर धरायचे, दुसऱ्या टप्प्यावर खाली. पिस्तूल वाकडे धरले की दांडी चुकीच्या जागी, आणि सगळे अडकून बसे. अनेक जण मग ते उघडण्याचेच टाळत. एका बटणावर उघडणारी 'मार्क फोर' आवृत्ती यायला २०१६ उजाडले. सदुसष्ट वर्षे!

आता मूळ मुद्द्याकडे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने गास्टन ग्लॉकचे पिस्तूल स्वीकारले. पॉलिमरचा सांगाडा, मोजके सुटे भाग, आणि उघडायला काही सेकंद. मात्र स्लाइड काढण्यापूर्वी आत ताणलेला घात-दांडा मोकळा करावा लागतो, आणि त्यासाठी चाप ओढावा लागतो. म्हणजे साफसफाईची एक पायरी आणि गोळी झाडण्याची क्रिया बोटाच्या दृष्टीने एकच झाली. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजणाऱ्या माणसाच्या हातून, नळीत उरलेली एक गोळी सुटायला एवढे पुरते. 'शस्त्र साफ करताना गोळी सुटली' ही ओळ आपण वर्तमानपत्रात किती वेळा वाचतो, आणि तिच्यापुढे बहुधा 'निष्काळजीपणा' हा शब्द ठरलेला असतो. नळी तपासणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण ज्या यंत्रात रोजची स्वच्छता चाप ओढल्याशिवाय होत नाही, त्याच्या अपघाताचे सगळे खापर बोटावर फोडणे मला पटत नाही. अभियंत्यांनाही ते पटले नसावे. २००५ मध्ये आलेल्या स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मध्ये आत एक बारीक पट्टी दिली गेली. ती खाली दाबली की चाप न ओढताच घात-दांडा सुटतो.

आणि इथे १९३५ चे हाय-पॉवर पुन्हा आठवते. फ्रेंचांच्या मागणीवरून त्यात एक तुकडा बसवला होता. मॅगझिन बाहेर असेल तर चाप आणि घोडा यांचा संबंधच तुटतो, नळीत गोळी असली तरी ती सुटत नाही. पिस्तूल उघडण्याची पहिली पायरीच मॅगझिन काढण्याची असल्याने, साफसफाई सुरू होताक्षणी धोका आपोआप बंद होत असे. पण या तुकड्याच्या घर्षणाने चाप जड आणि खरखरीत लागतो, शिवाय चकमकीत मॅगझिन बदलताना पिस्तूल काही क्षण निकामी होते. म्हणून कित्येक नेमबाज पिस्तूल हाती आल्यावर पहिल्याच साफसफाईत तो तुकडा काढून टाकत आले आहेत.