उष्टं खाणारं इंजिन

सूतगिरणी चौकात सिग्नलला उभं राहिलं की आमच्या डिझेल गाडीला हुडहुडी भरायची. डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवायचा, बाटलीतल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची आणि रेस आपली आपणच वर-खाली. एक दिवस इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गारखेड्यातल्या आमच्या मिस्त्रींनी स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं पी-०४०१. "ईजीआर जाम झालाय सर. साफ करून देतो."

दहाच्या पान्यानं बोल्ट सुटले आणि व्हॉल्व्ह बाहेर आला. आजी दिव्यावर ताटली धरून काजळ पाडायची, तसलंच काजळ, पण बोटभर जाड आणि डांबरासारखं चिकट. मिस्त्रींनी फवारा मारला, जुन्या टूथब्रशानं खरवडलं, गाडी गप झाली. दोन महिन्यांनी दिवा परत. या खेपेला कोड पी-०४०२. पहिला कोड म्हणतो वायू कमी पोचतोय, दुसरा म्हणतो जास्त पोचतोय. एकच झडप, एकदा उघडेना म्हणून अडलेली, एकदा मिटेना म्हणून. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मिस्त्रींनी आवाज खाली आणून विचारलं, "पत्रा टाकून देऊ का?"

पत्रा म्हणजे झडपेच्या तोंडाशी बसवायचा लोखंडी तुकडा. वाट बंद, कटकट बंद. पण ही झडप मुळात गाडीत आली कशाला, हे माहीत असल्यामुळे मी अडलो.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. घरगुती भाषेत, इंजिनाला त्याचंच उष्टं थोडं थोडं परत भरवायचं. त्याचं कूळ निघतं थेट लॉस एंजेलिसमध्ये. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर असं धुरकं उतरलं की डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले. युद्धाचे दिवस, त्यामुळे शत्रूनं विषारी वायू सोडला अशीही आवई उठली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या कारखान्यावर. तो काही काळ बंद ठेवला. धुरकं हटेना. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

खरा गुन्हेगार सापडला तो अननसाच्या वासामुळे. एरी हागेन-स्मिट हा जन्मानं डच रसायनशास्त्रज्ञ कॅलटेकमध्ये अननसाचा स्वाद कशाकशाचा बनतो ते शोधत होता. हवेतले वास गोठवून पकडायचं तंत्र त्याच्या हाती होतंच. तेच त्यानं शहराच्या हवेवर वापरलं. १९५० च्या सुमारास त्यानं दाखवून दिलं की गाड्यांमधून नि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी न जळलेली इंधनवाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळ्यांना झोंबतं ते या खिचडीतलंच. ओझोन मोजायला त्यानं वापरलेली युक्ती मला फार आवडते: रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला चीर पडायला किती वेळ लागतो ते बघायचं.

नायट्रोजनची ऑक्साइडं इंधनातून फारशी येत नाहीत, हवेतूनच येतात. हवेत नायट्रोजन ७८ टक्के, एरवी गरीब गायीसारखा. पण इंजिनातल्या ज्वाळेची आच दीड हजार अंशांपलीकडे गेली की तोही ऑक्सिजनशी सोयरीक जुळवतो. ही रासायनिक साखळी १९४० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यानं मांडली, म्हणून ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. मग आच उतरवायची कशी? जळून गेलेला वायूच पुन्हा आत सोडायचा. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ स्वतः जळत नाहीत, नुसती उष्णता पिऊन घेतात. कढी उतू जाऊ नये म्हणून गार पाण्याचा हबका मारावा, तसं.

अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि १९७३ च्या मॉडेलांपासून तिथल्या बहुतेक गाड्यांत ही झडप दिसू लागली. तेव्हा ती इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालायची. मालकांच्या तक्रारी आमच्यासारख्याच: आयडलला थरथर, मध्येच बंद पडणं. पेट्रोल इंजिन आयडलला आधीच अर्धपोटी जळत असतं. त्यात झडप जरा उघडी राहिली की उष्ट्यानंच पोट भरतं आणि ज्वाळा गुदमरते. तिथल्या लोकांनीही व्हॅक्यूमच्या नळीत काहीबाही कोंबून ती बंद केली. म्हणजे पत्र्याचं कूळही झडपेइतकंच जुनं.

पुढे पेट्रोल गाड्यांचा बराचसा भार कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनं उचलला. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून तिथे त्या कन्व्हर्टरची मात्रा नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर चालत नाही. झडपेनं मग डिझेलच्या घरात मुक्काम ठोकला. आपल्याकडे डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ही ऑक्साइडं भारत स्टेज-३ मध्ये ०.५० ग्रॅम चालायची, भारत स्टेज-४ मध्ये ०.२५, आणि १ एप्रिल २०२० पासून ०.०८.

यात एक मेख आहे. आच कमी केली की ऑक्साइडं घटतात, पण डिझेल नीट जळत नाही आणि काजळी वाढते. ती काजळी येते त्याच झडपेवाटे परत, वाटेत इंजिनातली तेलाची वाफ भेटते, आणि दोघींचा सहजी खरवडला न जाणारा थर बसतो. झडपेचं दुखणं तिच्या कामातच गर्भासारखं वाढतं. पत्रा टाकला की धूर उलट कमीच दिसतो, आणि पीयूसीवाला डिझेल गाडीचा मोजतो तो धूरच. नायट्रोजनची ऑक्साइडं त्याच्या यंत्रात धरलेलीच नाहीत. त्यामुळे पत्रेवाली गाडी ऐटीत पास होते. नियमातलं हे भोक मिस्त्रींना माझ्याआधीपासून ठाऊक होतं, हे सांगायला नकोच.

मी पत्र्याला नको म्हणालो. मिस्त्री जरा खट्टू झाले, पण त्यांचा हात थांबला नाही. "दोनदा साफ केला, दोनदा भरला. मग एवढं काजळ येतंय कुठून?" बॅटरी घेऊन ते बॉनेटखाली वाकले. टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी नळीच्या क्लिपाशी तेलाचा ओला डाग होता. नळी उतरवली. वरून धडधाकट. त्यांनी ती दोन्ही हातांनी वाकवली, आणि खालच्या अंगाला बोटभर चीर तोंड उघडून हसली.

सगळा उलगडा तिथे झाला. सेन्सर आत येणारी हवा मोजतो, त्या हिशेबानं डिझेल सोडलं जातं. पण मोजलेली हवा जोर लागताच चिरेतून फुस्स. हवा कमी, डिझेल तेवढंच, काजळी मात्र दुप्पट जोमानं. चढावर गाडी दम टाकायची ती यामुळेच, आणि मी दोष देत होतो डिझेलच्या पंपाला. भरीस भर आमचं चालवणं: घर ते जवाहरनगर, जवाहरनगर ते घर. इंजिन तापायच्या आत चावी बंद.

नवी नळी बसली, झडप आणि मॅनिफोल्ड दोन्ही खरवडून झाले, कोड पुसला. "आता आठवड्यातून एकदा वेरूळपर्यंत पळवा. नुसती गल्लीत नका फिरवू." ही चीर तेलानं आणि उष्णतेनं पडलेली, ओझोनचा इथे संबंध नाही. तरी नळी वाकवून चीर शोधणारे त्यांचे हात बघताना मला कॅलटेकमधली ती रबराची पट्टी आठवली. जुनी नळी मी मागून घेतली. "हिचं काय करणार सर?" मिस्त्री हसले. ती अजून डिकीत आहे, स्टेपनीच्या शेजारी.