हातसडीचा तांदूळ आणि उरुळीचा धडा

पुण्यातील दुकानांतून आज हातसडीचा तांदूळ, नाचणीचे पीठ आणि लाकडी घाण्याचे तेल देखण्या वेष्टनांत मिळते. पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा या तांदळाला बहुधा अधिकच दाम मोजावे लागतात. एके काळी हा गरिबांच्या अन्नाचा विचार होता, याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे.

१९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ आणि घाण्याचे तेल यांचा पुरस्कार गांधीजींनी दोन कारणांसाठी केला. गिरणीत तांदूळ सडताना कोंड्याबरोबर पोषण जाते, आणि सडणाऱ्या हातांचा रोजगारही जातो. यांपैकी पहिल्या कारणास शास्त्राचा आधार होता. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन यांनी सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा विकार पाहिला होता. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र ताडीवाला रस्त्यावर होते. १९४५ साली गांधीजी त्या कार्याच्या विश्वस्त मंडळात सहभागी झाले. परंतु गरिबांसाठीची संस्था शहरात चालवणे ही चूक आहे, हे त्यांना लवकरच उमगले. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याच्या पूर्वेस असलेल्या उरुळी कांचन या खेड्यात गेले. तेथील आश्रमाची धुरा पुढे मणिभाई देसाई यांनी आयुष्यभर वाहिली.

तथापि या विचाराची एक बाजू दुर्लक्षून चालणार नाही. जात्यावरचे पीठ म्हणजे पहाटे उठून दळणारी बाई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी पुण्यातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संकलनाचे काम उभे केले. त्या ओव्यांत माहेरची माया आहे, तसा सासरचा जाचही आहे. पिठाची गिरणी गावात आली, तेव्हा त्या बाईची पहाट थोडी मोकळी झाली. जात्याचा गौरव करताना ही सुटका नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सकस अन्नाचा आग्रह योग्यच आहे. परंतु ते कोणाच्या कष्टाने तयार होते आणि ते खाणे कोणाला परवडते, हे प्रश्न त्यातून वगळले, तर उरतो तो केवळ सुखवस्तूंचा पथ्यविचार. शहर सोडून उरुळीस जाण्यामागे हेच भान होते.