सी. के. नायडूंची सरासरी २५ : कमी की पुरेशी?

१/ कळमन्याच्या बाजार आवारात संत्र्याला मिळालेला भाव चांगला की वाईट, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्याच दिवशी, त्याच प्रतीच्या मालाचा सर्वसाधारण भाव काय होता, हे आधी पाहावे लागते. इतिहासातील आकड्यांनाही हाच न्याय लागू होतो. उदाहरण नागपूरचेच घेऊ.

२/ कोट्टारी कनकय्या नायडू. जन्म नागपूर, ३१ ऑक्टोबर १८९५. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. ७ कसोटी, १४ डाव, ३५० धावा, सरासरी बरोबर २५. सुनील गावसकर (५१.१२) किंवा सचिन तेंडुलकर (५३.७८) यांच्या शेजारी हा आकडा ठेवला, तर नायडूंच्या नावाभोवतीच्या दंतकथा पोकळ वाटू लागतात.

३/ अशा तुलनेतला धोका अमेरिकेच्या बेसबॉलने फार पूर्वी ओळखला. तेथे दर हजार संधींमागे यशस्वी फटके किती, हे मोजतात. १९३० मध्ये बिल टेरीचा आकडा ४०१ होता. १९६८ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज कार्ल यस्त्रेम्स्की ३०१ वरच थांबला. मग टेरी कितीतरी श्रेष्ठ?

४/ लीगची सरासरी पाहताच चित्र पालटते. १९३० मध्ये टेरीच्या नॅशनल लीगची सरासरीच ३०३ होती, तर १९६८ मध्ये अमेरिकन लीगची अवघी २३०. दोघेही आपापल्या काळाच्या सरासरीपेक्षा तीस टक्क्यांहून थोडे अधिक वर होते. म्हणजे जवळजवळ तुल्यबळ.

५/ आता हीच फूटपट्टी नायडूंना लावू. २५ जून १९३२, लॉर्ड्स, भारताची पहिली कसोटी. भारताचे डाव १८९ आणि १८७. अवांतर धावा धरूनही एका गड्यामागे १८.८ धावा. नायडूंच्या धावा ४० आणि १०, म्हणजे सरासरी २५. पहिल्या डावातील त्यांच्या ४० धावा भारतातर्फे सर्वाधिक होत्या, आणि त्याही क्षेत्ररक्षणात दुखावलेल्या हाताने काढलेल्या.

६/ १९३२ ते १९३६ या काळातील सातही कसोटींत मिळून भारताने ३,०९८ धावा केल्या. अवांतर धावांसह एका गड्यामागे सुमारे २३. नायडूंचे २५ या पातळीच्या थोडे वर आहेत. गावसकरांशी तुलना करताना दिसणारी दरी येथे उरत नाही.

७/ परंतु येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. संघाच्या सरासरीत तळाचे गोलंदाजही येतात. प्रमुख फलंदाजाने तिच्या वर असणे अपेक्षितच असते. त्याच काळात कसोटीत उतरलेल्या विजय मर्चंट यांची कारकिर्दीतील सरासरी ४७.७२ आहे. कसोटीच्या आकड्यांवरून नायडूंना त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ फलंदाज म्हणता येत नाही.

८/ मात्र आकडा कोणत्या वयातला, हेही विचारले पाहिजे. पहिल्या कसोटीच्या वेळी नायडू ३६ वर्षांचे होते, अखेरच्या वेळी ४०. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा ठोकल्या, तेव्हा भारताला कसोटीचा दर्जाच नव्हता. त्यांच्या ऐन भराची वर्षे कसोटीच्या नोंदवहीत आलीच नाहीत.

९/ १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत मात्र त्यांनी ४०.४५ च्या सरासरीने १,६१८ धावा केल्या. पुढच्याच वर्षी विस्डेनने त्यांना वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंमध्ये गणले. अखेरच्या कसोटीत, १९३६ मध्ये ओव्हलवर, दुसऱ्या डावात त्यांनी ८१ धावा काढल्या.

१०/ तेव्हा २५ हा आकडा नायडूंना देवत्व देत नाही आणि त्यांना खुजेही ठरवत नाही. दुबळ्या, नवख्या संघात चाळिशीकडे झुकलेला एक फलंदाज संघाच्या पातळीहून किंचित वर टिकून राहिला, एवढे तो निश्चित सांगतो. जुन्या माणसांचा हिशेब आजच्या भावाने मांडू नये. आणि त्यांच्या काळाचा भाव काढताना मालाची प्रत तपासायलाही विसरू नये.